वेबसाइटचे साधन निवडताना : पावसाच्या नोंदवहीची कसोटी

आपल्या शाळेची वेबसाइट असावी, असे आता बहुतेक मुख्याध्यापकांना वाटते. ती कशासाठी असावी, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. चर्चेला सुरुवात होते तीच ‘कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करायची?’ या प्रश्नापासून. कुणी वर्डप्रेस सुचवतो, कुणी गूगल साइट्स, तर कुणी ओळखीच्या एखाद्या होतकरू मुलाकडे काम सोपवून मोकळा होतो. काही दिवसांत पान उभे राहते. वर सरकणारी छायाचित्रे, एक सुविचार, पान किती जणांनी पाहिले ते दाखवणारा आकडा आणि ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी लावलेले चार-पाच रिकामे विभाग, असे त्याचे स्वरूप असते. त्यात शिक्षकांचा दोष थोडा आहे. साधनांची जाहिरातच अशी केली जाते, की पान चटकन आणि चकचकीत तयार होणे हाच साधनाचा गुण वाटू लागतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना ही पद्धत खटकायला हवी. प्रयोगशाळेत आपण आधी काय मोजायचे ते ठरवतो आणि मग उपकरण निवडतो. सोनाराचा काटा आणि लाकडाच्या वखारीतला काटा यांपैकी चांगला कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही. काय तोलायचे ते सांगितले, तरच उत्तर देता येते. वेबसाइटच्या साधनांचेही असेच आहे. म्हणून या लेखात एक निश्चित काम समोर ठेवून ही साधने पारखून पाहू.

काम कोणते?

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले तालुके. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडकडे येते आणि महाडजवळ तिला गांधारी मिळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक बळी गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही त्याच सुमारास दरडी कोसळल्या, आणि महाड शहर पुराच्या पाण्यात होते. त्या २४ तासांत घाटमाथ्यावर महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

पाऊस मोजण्याची सरकारी व्यवस्था अर्थातच आहे. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवलेली आहेत. परंतु डोंगराळ भागात पाऊस दर दोन-चार किलोमीटरवर बदलतो. एका खोऱ्यात कोसळत असताना डोंगरापलीकडच्या खोऱ्यात केवळ रिमझिम असते. अशा ठिकाणी एखाद्या शाळेने साधे पर्जन्यमापक लावून रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे वेधशाळांच्या रिवाजाप्रमाणे, नोंद घेतली तर ती नोंद मोलाची ठरते. आपल्या गावात किती पाऊस सलग किती दिवस झाला की ओढ्याचे पाणी गढूळ होते, उतारावर भेगा दिसतात, रस्त्यावर माती येते, हे काही वर्षांच्या नोंदींवरूनच कळू शकते.

तेव्हा आपले काम असे समजू. पोलादपूर तालुक्यातील एका खोऱ्यातल्या शाळेला आपली पावसाची नोंदवही लोकांना पाहता येईल अशी ठेवायची आहे. जून ते सप्टेंबर मिळून १२२ दिवस. दर दिवसाला एक आकडा आणि जोडीला शेरा असला तर एखादी ओळ. ही नोंद एका वर्षासाठी ठेवून उपयोगाचे नाही. दोन मोठ्या आपत्तींमधले अंतर सोळा वर्षांचे होते, म्हणजे आपली नोंद निदान तेवढी तरी टिकायला हवी. २००५ साली एखाद्या शाळेने हे काम सुरू केले असते, तर तिने वापरलेल्या साधनाचे २०२१ पर्यंत काय झाले असते? प्रत्येक साधनाला हा एकच प्रश्न विचारायचा आहे.

पहिली कसोटी : अक्षरे

२००५ च्या सुमारास मराठी मजकूर संगणकावर आणण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारखे फॉन्ट. पडद्यावर आणि कागदावर अक्षरे सुरेख दिसत. पण संगणकाच्या स्मृतीत ती मराठी नसत. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असतात. कृतिदेवमध्ये ‘महाड’ लिहिले, तर संगणक साठवतो ती इंग्रजी ‘ई’, ‘जी’, ‘के’ आणि मोठा ‘एम’ ही चार अक्षरे. ती ‘महाड’ दिसतात, कारण वर कृतिदेवचा मुखवटा आहे. मुखवटा नसलेल्या संगणकावर तेच पान उघडले, की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. शोधयंत्रात कुणी ‘महाड’ असे शोधले, तर हे पान सापडणार नाही, कारण त्यात ‘महाड’ हा शब्दच नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला. त्यात ‘म’ चा क्रमांक २३५०, ‘ह’ चा २३६१, काना २३६६ आणि ‘ड’ चा २३३७. फॉन्ट कोणताही असो, क्रमांक बदलत नाहीत. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोयही सामान्य संगणकांवर येऊ लागली. म्हणजे २००५ साली दोन्ही मार्ग उपलब्ध होते. ज्यांनी युनिकोड निवडले त्यांचा मजकूर आजच्या स्वस्त मोबाइलवरही वाचता येतो. ज्यांनी जुने फॉन्ट निवडले त्यांना रूपांतर करावे लागते, आणि रूपांतरात चुका राहतात. पहिली वेलांटी हे याचे उदाहरण आहे. जुन्या फॉन्टमध्ये ती व्यंजनाच्या आधी साठवली जाते, कारण ती डाव्या बाजूला दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. जोडाक्षरे आणि रफार यांच्याशी गाठ पडली, की ही अदलाबदल बिघडते.

यावरून साधन पारखण्याची एक सोपी चाचणी मिळते. ते साधन वापरून ‘दऱ्याखोऱ्यांत’ हा शब्द लिहा. मग तो तेथून उचलून दुसऱ्या एखाद्या साध्या लेखन-प्रणालीत टाका. शब्द जसाच्या तसा आला तर साधन पहिल्या कसोटीला उतरले. ‘ऱ्या’ मधला खास मराठी ‘र’ तुटला किंवा चौकोन दिसू लागले, तर पुढे जाण्याचे कारण नाही. पानाची भाषा मराठी असल्याचे साधनात नोंदवता येते का, हेही पाहावे. ही नोंद असली, म्हणजे दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला ते मराठी आहे हे कळते. काही फॉन्ट तर ही नोंद पाहून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आपोआप दाखवतात.

दुसरी कसोटी : वजन

आता आकडेमोड करू. युनिकोडच्या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे ‘महाड’ या शब्दाला १२ बाइट. ‘१२ जुलै’ ही तारीख, ‘१८७’ हा आकडा आणि त्यांना कोष्टकाच्या एका ओळीत बसवणाऱ्या खुणा मिळून साठ बाइटच्या आत काम होते. १२२ दिवसांचे ७,३२० बाइट झाले. सोळा पावसाळ्यांचे सुमारे १,१७,००० बाइट, म्हणजे ११७ केबी.

मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राचे वजन सहज ३ एमबी असते. नोंदवहीच्या एका पानाचा फोटो काढून वेबसाइटवर टाकला, तर तो सोळा वर्षांच्या संपूर्ण नोंदीपेक्षा पंचवीस पट जड होतो. आणि त्यातले आकडे शोधता येत नाहीत, बेरीज करता येत नाही, की आलेख काढता येत नाही. स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवलेल्या कागदांची गोष्ट हीच आहे. अनेक कार्यालयांच्या वेबसाइट अशा कागदांनी भरलेल्या आहेत. माहिती आहे असे दिसते, पण ती शोधयंत्राच्या आणि गणिताच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते.

खोऱ्यात मोबाइलची रेंज क्षीण असते. सेकंदाला ५० किलोबिट, म्हणजे ६,२५० बाइट एवढाच वेग मिळाला असे धरू. आपले एका पावसाळ्याचे कोष्टक सव्वा सेकंदात उघडेल. तो एक फोटो उघडायला आठ मिनिटे लागतील. आजच्या सर्वसाधारण वेबपानाचे वजन दोन एमबीहून अधिक असते आणि तयार साच्यांतील सरकती चित्रे, बाहेरून मागवलेले फॉन्ट, जाहिराती यांचा त्यात मोठा वाटा असतो. साच्याचा नमुना शाळेच्या कार्यालयात वायफायवर पाहून पसंत केला जातो. तो उघडायचा असतो मात्र वरच्या वाडीतल्या पालकाला. निवड करणाऱ्याने तो नमुना वाडीत जाऊन उघडून पाहावा. नाहीतर हा दोष लक्षात येत नाही.

तिसरी कसोटी : साधन बंद पडले तर?

ही सर्वांत महत्त्वाची कसोटी. साधने बंद पडतात हा अपवाद नव्हे, नियम आहे. काही उदाहरणे पाहा.

जिओसिटीज या सेवेवर १९९० च्या दशकात लाखो लोकांनी फुकटात पाने उभारली. याहू कंपनीने १९९९ साली ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. आपली पाने वेळीच उतरवून न घेतलेल्यांपैकी अनेकांची ती कायमची गेली.

मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज हे एके काळी संगणक-वर्गांत शिकवले जाणारे लोकप्रिय साधन. २००३ ची आवृत्ती ही त्याची शेवटची ठरली. पण येथे न्याय्य असले पाहिजे. फ्रंटपेजमध्ये केलेली साधी पाने आजही उघडतात, कारण ते साधन शेवटी एचटीएमएल हीच सर्वांना खुली असलेली खूणभाषा लिहीत असे. बंद पडले ते त्याच्या खास जोडण्यांवर अवलंबून असलेले भाग, म्हणजे भेटींची गणती आणि अभिप्रायाचे अर्ज.

फ्लॅशची कथा याहून बोधप्रद आहे. हलती चित्रे आणि हलते आलेख दाखवण्यासाठी शैक्षणिक वेबसाइटवर त्याचा सर्रास वापर होता. अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला पूर्णविराम दिला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश-प्लेअरने मजकूर दाखवणेच थांबवले. आपल्या कल्पनेतील शाळेने २००५ पासूनच्या पावसाचे देखणे हलते आलेख फ्लॅशमध्ये केले असते, तर तळियेची दरड कोसळण्यापूर्वी सहा महिने ते सर्व पडद्यावरून नाहीसे झाले असते.

याउलट एचटीएमएल पाहा. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत ती घडवली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. त्या काळातील साधी पाने आजच्या मोबाइलवर उघडतात. तीस वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही वस्तू कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नाही, आणि तिच्या दीर्घायुष्याचे ते मोठे कारण आहे.

संशोधनाच्या कामात मला या प्रकाराचा अनुभव वारंवार येतो. एका संस्थेतील जुनी मापने आम्हाला हवी होती. ती एका विशिष्ट प्रणालीच्या फाइलींत होती आणि ती प्रणाली बनवणारी कंपनी उरली नव्हती. शेवटी त्याच मापनांचे कागदावर छापलेले तक्ते मिळाले, त्यावरून आकडे पुन्हा टंकले. कागद टिकला, फाइल टिकली नाही. अर्थात महाडसारख्या ठिकाणी कागदावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण पुराचे पाणी शाळेच्या दप्तरात शिरू शकते. म्हणून नोंदवही कपाटात हवी आणि तिची खुल्या स्वरूपातील प्रत गावापासून दूर कुठेतरी हवी.

तेव्हा प्रत्येक साधनाला विचारावे, ‘माझा सगळा मजकूर मला इथून बाहेर नेता येईल का? आणि नेलेला मजकूर दुसरीकडे वाचता येईल का?’ विक्ससारख्या ओढून-ठेवून पान रचण्याच्या सेवेत पान झटपट होते, पण ती वेबसाइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या ठिकाणी चालवता येत नाही. वर्डप्रेस या बाबतीत बरे आहे. ते २००३ पासून चालू असलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे, जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात, आणि सर्व मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय त्यात आहे. मात्र त्याला मागे सतत चालणारा डेटाबेस लागतो, आणि ते व त्याला जोडलेले उपकार्यक्रम नियमाने अद्ययावत करावे लागतात. ते केले नाही तर घुसखोरांना दार उघडे राहते. वर्षभर कुणीच न पाहिलेल्या शाळेच्या पानावर अचानक भलत्याच जाहिराती दिसू लागतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

चौथी कसोटी : बदली

ही कसोटी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, पण जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी ती निर्णायक आहे. वेबसाइट करणारे गुरुजी उत्साही असतात. काही वर्षांनी त्यांची बदली होते आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही जातो. पाठोपाठ वेबसाइटच्या नावाचे वार्षिक शुल्क भरायचे राहते, नाव मोकळे होते आणि दुसराच कुणी ते घेतो. साधन कितीही उत्तम असले, तरी ते एका माणसाच्या डोक्यात राहिले तर त्याचे आयुष्य त्या माणसाच्या नेमणुकीइतकेच.

म्हणून नवीन आलेल्या बाईंना अर्ध्या दिवसात शिकवता येईल असेच साधन निवडावे. खाते आणि नाव शाळेच्या ई-मेलवर नोंदवावे, व्यक्तीच्या नव्हे. पासवर्ड मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. सरकारने आपल्या कार्यालयांसाठी या प्रश्नाचे उत्तर एका समान साच्याने दिले आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या साच्यावर रायगडसह देशातील अनेक जिल्हा प्रशासनांच्या वेबसाइट चालतात. अधिकारी बदलला तरी साचा आणि त्याची देखभाल कायम राहते. या सर्व वेबसाइट एकसारख्या दिसतात अशी तक्रार ऐकू येते. मला तो गुण वाटतो. एका जिल्ह्याचे पान वापरता आले की दुसऱ्याचेही वापरता येते. दिसण्यातले वेगळेपण ही शाळेचीसुद्धा पहिली गरज नाही.

मग निवडायचे काय?

चारही कसोट्या लावल्या, तर आपल्या पावसाच्या नोंदवहीसाठी उत्तर बरेच साधे निघते. मूळ नोंद एका साध्या कोष्टक-फाइलमध्ये ठेवावी, सीएसव्ही या स्वरूपात. तिच्यात तारीख आणि मिलिमीटर स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात, बाकी काही नसते. कोणतीही कोष्टक-प्रणाली ती उघडते. एक खबरदारी घ्यावी. या मूळ फाइलमध्ये आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावेत, कारण अनेक प्रणाली देवनागरी अंकांना शब्द समजतात आणि त्यांची बेरीज करत नाहीत. लोकांना दिसणाऱ्या पानावर मात्र देवनागरी अंक जरूर वापरावेत.

दिसणारे पान साध्या एचटीएमएलमध्ये करावे. एक मथळा, दोन परिच्छेद आणि एक कोष्टक एवढ्यासाठी लागणाऱ्या खुणा दहा-बाराच आहेत, आणि आठवीचे विद्यार्थी त्या दोन तासिकांत शिकतात. हे ज्यांना जमणार नाही, त्यांनी गूगल साइट्स किंवा वर्डप्रेस खुशाल वापरावे. पण ते केवळ दर्शनी खिडकी म्हणून. मूळ फाइल शाळेच्या संगणकावर, एका पेन-ड्राइव्हवर आणि दुसऱ्या गावातील एखाद्या शाळेकडे अशी तीन ठिकाणी असावी. खिडकी बंद झाली तर दुसरी उघडता येते.

शाळेच्या इतर गरजांसाठी उत्तर वेगळे येऊ शकते. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे दाखवायची असतील, तर ओढून-ठेवून पान रचणारी सेवा पुरेशी आहे. ती पाच वर्षांनी गेली तरी हळहळ वाटेल, नुकसान होणार नाही. पालकांकडून अर्ज भरून घ्यायचे असतील तर डेटाबेसवर चालणारी प्रणालीच लागेल. साधन बदलेल, पण कसोट्या त्याच राहतील.

एक मर्यादाही स्पष्ट करायला हवी. वेबसाइट ही धोक्याची घंटा नव्हे. अतिवृष्टीच्या रात्री वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात. तेव्हा उपयोगी पडतात ती शेजारची माणसे, दवंडी आणि वेळेवर घर सोडण्याचा निर्णय. पण तो निर्णय कोणत्या पावसाला घ्यायचा, हे आधीच्या नोंदी सांगतात. त्या वाचता येत नसतील, तर गावाला प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

विज्ञान मंडळाच्या मुलांकडून पुढील तपासणी करून घ्यावी. आपल्या तालुक्यातील कोणत्याही पाच वेबसाइट निवडाव्यात. प्रत्येकीतील एक मराठी वाक्य उचलून दुसरीकडे टाकता येते का, ते पाहावे. पान उघडायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे, शक्य तर रेंज कमी असलेल्या ठिकाणी. शेवटचा बदल कोणत्या वर्षी झाला ते शोधावे. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात त्या पानाची जुनी रूपे असतील तर तीही पाहावीत. पाच ओळींचे आणि चार स्तंभांचे कोष्टक तयार होईल. त्यावरून आपल्या शाळेसाठी कोणते साधन निवडावे, ते मुले स्वतःच सांगतील.